इंग्रजीचे नसलेले नियम

इंग्रजी व्याकरणाचा सराव करणाऱ्यांची निम्मी शक्ती अशा नियमांवर जाते, जे इंग्रजीत नाहीतच.

गैरसमज : वाक्य ‘विथ’, ‘फ्रॉम’, ‘फॉर’वर संपवू नये.
वस्तुस्थिती : खुशाल संपवावे. 1672 मध्ये कवी जॉन ड्रायडनने बेन जॉन्सनच्या लेखनात ही खोड काढली आणि पुढे व्याकरणकारांनी ती उचलून धरली. ‘व्हेअर आर यू फ्रॉम?’ हे मात्र सगळे जग आजही असेच विचारते.

गैरसमज : ‘आय’, ‘वुई’ला ‘शॅल’, बाकीच्यांना ‘विल’.
वस्तुस्थिती : ही वाटणी जॉन वॉलिसच्या 1653 च्या व्याकरणातली. वॉलिस म्हणजे अनंताचे चिन्ह रूढ करणारा गणिती, आणि पुस्तक लॅटिनमध्ये! आज बोलण्यात सगळ्यांना ‘विल’ चालते. ‘शॅल’ उरले ते ‘शॅल वुई गो?’सारख्या प्रश्नांत आणि कायद्याच्या मसुद्यांत.

गैरसमज : स्वराचे अक्षर दिसले की ‘ॲन’.
वस्तुस्थिती : अक्षर नव्हे, उच्चार पाहा. ‘ॲन अवर’, ‘अ युनिव्हर्सिटी’, ‘ॲन एमएलए’.

गैरसमज : ‘हॅव’ला ‘आयएनजी’ कधीच लागत नाही.
वस्तुस्थिती : ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ चूक, कारण भाऊ असणे ही क्रिया नव्हे. ‘वुई आर हॅविंग लंच’ मात्र अगदी बरोबर.

आपण खरे अडखळतो ते काळाशी. ‘मी त्याला काल पाहिलंय’ मराठीत सहज खपते, म्हणून ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ तोंडी येते. काल, गेल्या वर्षी, 2019 मध्ये असा सरलेला वेळ सांगितला, की ‘हॅव’ नको. ‘आय सॉ हिम यस्टरडे’. दिवस अजून संपला नसेल, तर ‘आय हॅव सीन हिम टुडे’ चालते. ‘डिस्कस अबाउट’मधला ‘अबाउट’ही आपल्या ‘विषयी’चाच. उलट ज्याची उगाच थट्टा होते, ते ‘प्रीपोन’ ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे. परदेशी माणसाला कदाचित कळणार नाही, इतकेच.

आता सरावाचे. गाईडमध्ये वर ‘पूर्ण वर्तमानकाळ’ असे छापून खाली गाळलेल्या जागा देतात. उत्तर शीर्षकातच फुटलेले असते. डोके चालवायचे कुठे? त्यापेक्षा दोन-तीन काळांची वाक्ये मिसळून घ्या, किंवा कालचा आपला दिवस इंग्रजीत लिहा आणि प्रत्येक क्रियापदाजवळ थांबून तोच काळ का घेतला, हे स्वतःला मराठीत सांगा.