डिकँटरवरचा थर

गळीत हंगाम ऐन भरात असताना बारामतीहून माळेगावच्या किंवा सोमेश्वरनगरच्या रस्त्याला लागलं, की कारखाना दिसायच्या आधी त्याचा वास येतो. मळीचा, गोडसर आणि आंबूस. डिस्टिलरीच्या आवारात शिरलं की त्यात आणखी एक वास मिसळतो, इतका उग्र की नवख्याला ठसकाच लागतो. तो फ्युजेल ऑइलचा. आंबवलेल्या मळीतून अल्कोहोल वेगळं काढताना कॉलमच्या मधल्या प्लेटांवर हा तेलकट पदार्थ जमतो. तिथून काढून तो पाण्याशी घुसळला, की अल्कोहोल पाण्यात उतरतं आणि फ्युजेल वर तरंगतं. डिकँटरच्या काचेतून तो पिवळसर थर स्पष्ट दिसतो. ऑपरेटर तो वरच्यावर काढून ड्रममध्ये भरतो, कारण तो तसाच राहिला तर स्पिरिटला वास लागतो.

नीरेकाठच्या डिस्टिलऱ्यांत पिढ्यानपिढ्या निपटून टाकलेल्या या थरातच विमानाच्या इंधनाची एक वाट होती.

ती पहिल्यांदा दिसली जर्मनीत, तीही मळीतच. तिथली मळी बीटाच्या साखरेची. फेलिक्स एर्लिख हा रसायनज्ञ तिच्यात काय काय आहे ते शोधत होता. 1904 मध्ये त्याला तिच्यात आयसोल्युसिन हे नवं अमिनो आम्ल सापडलं. आणि मग त्याच्या लक्षात एक साम्य आलं. ल्युसिन या अमिनो आम्लाचा कार्बनचा सांगाडा आणि फ्युजेलमधल्या अमाइल अल्कोहोलचा सांगाडा जवळजवळ एकच होता! फ्युजेल नेमकं कशातून होतं, यावर तोवर नुसते तर्क चालत. कुणी म्हणे साखरेतून, कुणी म्हणे भलत्या जिवाणूंमुळे. एर्लिखनं आंबणाऱ्या साखरेत ल्युसिन घातलं, आणि अमाइल अल्कोहोल वाढलं. 1907 मध्ये त्यानं उलगडा मांडला. यीस्टला वाढायला नायट्रोजन लागतो. तो ते अमिनो आम्लातून काढून घेतं आणि शेंगदाणा खाऊन टरफल टाकावं तसा उरलेला सांगाडा अल्कोहोल करून बाहेर टाकतं. ल्युसिनचं टरफल म्हणजे अमाइल अल्कोहोल, व्हॅलिनचं आयसोब्युटेनॉल.

पुढची शंभर वर्षं हे ज्ञान मुख्यतः दारूची चव सांभाळण्याच्या कामी आलं.

मधल्या काळात आकाश विमानांनी भरलं. आंतरराष्ट्रीय उड्डाणांचा धूर कोणत्या देशाच्या खात्यावर मांडायचा, हा तिढा 1997 च्या क्योटो करारातही सुटला नाही. तो संयुक्त राष्ट्रांच्या नागरी विमान वाहतूक संघटनेकडे, म्हणजे आयकाओकडे, सोपवला गेला. गाड्या विजेवर चालवता येतात. मुंबईहून लंडनला जाणाऱ्या विमानात बॅटऱ्या भरल्या तर ते जमीनच सोडणार नाही. मग डिस्टिलरीतलं अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल, थेट टाकीत ओतावं? त्याच ऊर्जेसाठी विमानात जळणाऱ्या केरोसिनच्या दीडपटीहून जास्त वजन वाहावं लागेल. शिवाय इथेनॉल 13 अंशांलाच पेट घेण्याजोगी वाफ सोडतं. विमानाच्या इंधनानं 38 अंशांपर्यंत तरी ती सोडता कामा नये. या इंधनाचे रेणू साधारण आठ ते सोळा कार्बनांचे, इथेनॉलचा दोन कार्बनांचा.

2008 च्या जानेवारीत 'नेचर'मध्ये एक निबंध आला. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले शोता अत्सुमी, ताइझो हानाई आणि जेम्स लियाओ यांनी एर्लिखची वाट मुद्दाम रुंद केली होती. त्यांनी ई-कोलाय जिवाणूत दोन उसने जनुक बसवले. एक विरजणातल्या लॅक्टोकॉकसचा, दुसरा यीस्टचा. पेशी व्हॅलिन बनवायला निघते, तेव्हा ते तयार होण्याआधीच्या टप्प्यावर तिला अडवून आयसोब्युटेनॉलकडे वळवायचं, ही मूळ युक्ती. टरफल हाच माल झाला. साखरेतून जास्तीत जास्त जेवढं आयसोब्युटेनॉल निघू शकतं, त्याच्या 86 टक्के त्यांच्या हाती लागलं. मला या सगळ्या गोष्टीतला हा सर्वांत सुंदर क्षण वाटतो.

पुढचं काम पाढ्यांचं. आयसोब्युटेनॉलमध्ये कार्बन चार. उत्प्रेरकावरून नेऊन त्यातलं पाणी काढायचं, उरलेले तीन तुकडे जोडायचे, हायड्रोजन द्यायचा. चार त्रिक बारा. केरोसिनच्या नेमक्या मध्यावरचा रेणू. इथेनॉलनं जायचं तर बे सक बारा, म्हणजे जोडण्या जास्त आणि पाणीही जास्त. शंभर किलो इथेनॉलमधले 39 किलो पाणी होऊन जातात, आयसोब्युटेनॉलमधले 24. आयसोब्युटेनॉलच्या वाटेला 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय मानकात मान्यता मिळाली, इथेनॉलच्या वाटेला 2018 मध्ये. मात्र निम्म्यापर्यंतच मिसळायची परवानगी आहे. या शुद्ध इंधनात अॅरोमॅटिक संयुगं नसतात. त्यामुळे काजळी कमी होते, पण त्याच संयुगांनी फुगून घट्ट बसणारी रबरी सीलं गळण्याची भीती असते.

अमेरिकेच्या गेवो कंपनीनं लियाओंचं तंत्र घेतलं होतं. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजनं तिच्याशी हात मिळवला. प्रमोद चौधरींची ही कंपनी 1980 च्या दशकापासून डिस्टिलऱ्या उभारते, म्हणजे मळीशी तिचं नातं जुनं. 19 मे 2023 रोजी एअरएशिया इंडियाचं विमान पुण्याहून प्रवासी घेऊन दिल्लीला उतरलं, तेव्हा त्याच्या इंधनात भारतातल्या उसापासूनच्या अल्कोहोलचं इंधन मिसळलेलं होतं. प्रमाण फक्त एक टक्क्यापर्यंत. स्वागताला पेट्रोलियममंत्री हरदीपसिंग पुरी स्वतः हजर होते.

ऊस आणि विमान या जोडीचं बारामतीशेजारच्या इंदापूर तालुक्याला नवल वाटू नये. कळंबच्या माळावर वालचंदनगर आणि तिथला साखर कारखाना उभा करणाऱ्या वालचंद हिराचंदांनीच 1940 मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली, देशातला पहिला विमान कारखाना.

आता ढोबळ हिशेब मांडू. टनभर ऊस गाळला की साखर निघून उरलेल्या मळीतून सुमारे दहा लिटर अल्कोहोल मिळतं. त्याचं पाच-सहा लिटर विमानाचं इंधन. पुणे-दिल्ली फेरीला साधारण सहा हजार लिटर जळतं. म्हणजे पूर्ण उड्डाण या इंधनावर करायचं तर हजार-बाराशे टन उसाची मळी हवी. दिवसाला काही हजार टन गाळणाऱ्या कारखान्याचं हे एका पाळीचं गाळप, आणि साखर हातची जात नाही. हा आकडा मी दोनदा तपासला, कारण तो वाटला होता त्यापेक्षा खूप जवळचा निघाला.

पण हिशेब मळीपुरता ठेवला तरच तो असा सोपा राहतो. रसच इंधनाकडे वळवायचा तर ऊस वाढवावा लागेल, आणि नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडच्या गावांना विचारा, आवर्तन लांबलं की काय होतं ते. कार्बन वाचवायचा म्हणून जिरायत पट्ट्यातलं पाणी खर्ची घालणं मला मान्य नाही. आयकाओच्या 'कोर्सिया' योजनेतही केरोसिनसाठी दर मेगाज्यूलला 89 ग्रॅम हे माप धरून नव्या इंधनाचं शेतापासूनचं उत्सर्जन मोजतात, आणि पाण्याचे निकषही आहेत. 2027 पासून ही योजना बंधनकारक होते. त्याच वर्षी भारतातून सुटणाऱ्या आंतरराष्ट्रीय उड्डाणांत एक टक्का, 2028 मध्ये दोन आणि 2030 मध्ये पाच टक्के असं इंधन मिसळण्याचं लक्ष्य सरकारनं ठरवलं आहे.

पुण्याच्या उड्डाणाला सात महिनेही झाले नव्हते, तोच पावसानं दगा दिला. साखर कमी पडू नये म्हणून 7 डिसेंबर 2023 रोजी केंद्रानं उसाचा रस इथेनॉलकडे वळवायला मनाई केली. आठवड्याभरानंतर ती मर्यादेसह शिथिल झाली, तरी कारखान्यांचं त्या हंगामाचं गणित विस्कटलं ते विस्कटलंच. शेवटच्या साखरेनंतर उरलेल्या मळीला मात्र त्या आदेशानं हात लावला नव्हता. तिच्यावर चालणाऱ्या डिस्टिलऱ्यांचे कॉलम तापत राहिले आणि डिकँटरवर तो पिवळा थर रोज धरत राहिला.