‘गुड इन मॅथ्स’ की ‘गुड अ‍ॅट मॅथ्स’? सीमाभागातले विद्यार्थी इंग्रजीत नेमके कुठे अडखळतात

निपाणी : मराठी माध्यमातून दहावी झाली की सीमाभागातल्या मुलांसमोर दोन वाटा असतात. कुणी बेळगावात पीयूसीला जातो, तर कुणी निपाणीला लागून पण महाराष्ट्राच्या हद्दीत असलेल्या अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात अकरावीला. सायन्स, कॉमर्सची पुस्तकं दोन्हीकडे बहुतेक इंग्रजीतच. पुढे नोकरीचा अर्ज आणि मुलाखतही बऱ्याचदा इंग्रजीतच होते. स्पेलिंग पाठ असतं, काळही जमतात. पण विशेषणानंतर ‘ऑफ’ लावायचं की ‘अ‍ॅट’, ‘विथ’ की ‘टू’, इथं गाडी अडते.

चूक येते कुठून?

मराठीत प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून लागतं : गणितात, कुत्र्याला, त्याच्यावर. कन्नडमध्येही तसंच : गणितदल्ली, नायिगे, अवन मेले. इंग्रजीत मात्र हे काम करणारं प्रिपोझिशन नामाच्या आधी येतं आणि ते कोणतं, हे बऱ्याचदा आधीचं विशेषण ठरवतं. सीमाभागातल्या मुलाला दोन भाषा येतात खऱ्या, पण अनेकदा दोन्ही त्याला एकाच चुकीकडे नेतात.

‘त्याच्यावर रागावला’ म्हणताना मराठीत ‘वर’, कन्नडमध्ये ‘मेले’. म्हणून मुलं ‘अँग्री ऑन हिम’ लिहितात. बरोबर आहे ‘अँग्री विथ हिम’. राग एखाद्या गोष्टीबद्दल असेल तर ‘अँग्री अबाउट’.

‘गणितात हुशार’वरून ‘गुड इन मॅथ्स’ येतं. हवं ‘गुड अ‍ॅट मॅथ्स’. ‘वीक’, ‘बॅड’ यांनाही ‘अ‍ॅट’ चालतं.

‘कुत्र्याला घाबरतो’ यातल्या ‘ला’मुळे ‘अफ्रेड टू’ होतं. हवं ‘अफ्रेड ऑफ डॉग्ज’.

‘तिच्याशी लग्न झालं’ याचं ‘मॅरीड विथ’ होतं. हवं ‘मॅरीड टू’.

‘पाण्याने भरलेली घागर’ ही ‘फुल विथ वॉटर’ नव्हे, ‘फुल ऑफ वॉटर’.

‘माझ्यापेक्षा सीनियर’ म्हणताना ‘पेक्षा’साठी ‘दॅन’ येतं. पण सीनियर, ज्युनियर, सुपीरियर यांच्यापुढे ‘टू’च लागतं.

मराठी कुठे उपयोगी पडते?

सगळीकडेच मराठी आडवी येते असं नाही. ‘मुलीचा अभिमान’ म्हणजे ‘प्राउड ऑफ’, ‘शेतीवर अवलंबून’ म्हणजे ‘डिपेंडंट ऑन’, ‘संगीतात रस’ म्हणजे ‘इंटरेस्टेड इन’. बेळगाव कुंद्यासाठी प्रसिद्ध आहे, हे वाक्यही ‘फेमस फॉर’ लावून सरळ इंग्रजीत जातं. अशा जोड्या वेगळ्या घोकाव्या लागत नाहीत. मेहनत जिथं जुळत नाही तिथंच घ्यावी.

अर्थ बदलतो तेव्हा

काही ठिकाणी प्रश्न फक्त एका मार्काचा नसतो. एखाद्या दुकानात हिशेब सांभाळलेला मुलगा अर्जात आपण जीएसटी रिटर्न्सना ‘रिस्पॉन्सिबल टू’ होतो असं लिहितो. ‘रिस्पॉन्सिबल फॉर’ म्हणजे एखादं काम आपल्याकडे असणं. ‘रिस्पॉन्सिबल टू’ म्हणजे एखाद्या माणसाला उत्तर देणं. रिटर्न्ससाठी ‘फॉर’, मॅनेजरला ‘टू’.

तसंच ‘टायर्ड ऑफ वर्क’ म्हणजे कामाला कंटाळलेला. दिवसभर राबून थकल्याचं सांगताना मुलाखतीत हे तोंडून गेलं, तर समोरचा भलताच अर्थ घेईल.

आणखी एक चूक अर्जात हमखास दिसते : ‘इंटरेस्टेड टू लर्न’ आणि ‘केपेबल टू डू’. योग्य रूप ‘इंटरेस्टेड इन लर्निंग’ आणि ‘केपेबल ऑफ डुइंग’. प्रिपोझिशननंतर क्रियापद आलं की त्याला ‘आयएनजी’ लागतो, हे लक्षात ठेवलं की पुष्कळ वाक्यं सुधारतात.

पाठ कसं करायचं?

याला एकच असा नियम नाही. ‘डिफरंट’च्या पुढे ‘फ्रॉम’ सगळीकडे चालतं, ब्रिटिश लोक ‘टू’ही म्हणतात, अमेरिकन ‘दॅन’ही. परीक्षेत ‘फ्रॉम’ लिहिणं सुरक्षित.

नुसतं ‘अफ्रेड म्हणजे घाबरलेला’ असं पाठ करू नये. ‘अफ्रेड ऑफ’ हा एकच शब्द समजून पाठ करावा. विद्यार्थ्यांसाठीच्या चांगल्या डिक्शनरीत विशेषणाजवळच प्रिपोझिशन दिलेलं असतं, तेही वहीत उतरवावं. रोज तीन जोड्या घेऊन आपल्या घरातल्या माणसांवर वाक्यं करावीत : आई कशाला घाबरते, भाऊ कशात हुशार आहे, आजोबा कुणावर रागावलेत. स्वतःच्या घरातलं वाक्य सहसा विसरत नाही.