आयर्लंडचा रेडिओ आणि बोलीचा हेल

रेडिओवर बोलणाऱ्याचे तोंड दिसत नाही. पण हेल कानी पडताच ‘हा आपल्यातला’ की ‘हा कुणी साहेब’, हे आपण ताडतोच ना? आयर्लंडात या हेलावरून पुष्कळ काही घडले आहे.

डब्लिनचे नभोवाणी केंद्र १९२६ साली सुरू झाले. पश्चिमेकडच्या आयरिश बोलणाऱ्या खेड्यांना मात्र त्यात आपला आवाज पुरेसा ऐकू येईना. १९७० साली कॉनेमारा भागातील तरुणांनी तर बेकायदा केंद्रच चालवून दाखवले! अखेर २ एप्रिल १९७२ रोजी सरकारी ‘रेडिओ ना गेल्टाख्टा’ सुरू झाला. तेथे मन्स्टरचा निवेदक मन्स्टरच्या बोलीत बोलतो, अल्स्टरचा अल्स्टरच्या. एकाची बोली दुसऱ्याला आधी जड गेली. पुढे कान सरावले.

इंग्रजी कार्यक्रमांतही हीच गोष्ट. दक्षिण डब्लिनच्या ऐटबाज उच्चारांना लोक तिथल्या ‘डार्ट’ लोकलगाडीवरून ‘डॉर्ट’ म्हणून चिडवतात. याउलट जो डफी हे गृहस्थ बॅलिफर्मट या कामगार वस्तीतले. १९९९ ते २०२५ त्यांनी ‘लाइव्हलाइन’ हा फोनवरील गप्पांचा कार्यक्रम चालवला, तो आपल्या वस्तीचा हेल न पुसता. शिष्टांना तो खटकतो, खटको बापडा. लहानपणी अनाथ मुलांच्या संस्थांत सोसलेला छळ माणसांनी याच कार्यक्रमात उघड सांगितला. इस्त्री केलेल्या भाषेपुढे असले दुःख सांगायला जीभ रेटत नाही हो!