बकेट १२ नांदेड, बकेट १३ लातूर

जावाच्या हॅशमॅपमध्ये ‘नांदेड’ आणि ‘लातूर’ हे शब्द देवनागरीत टाकले, तर ते शेजारी शेजारी बसतात. नांदेड १२ क्रमांकाच्या बकेटमध्ये, म्हणजे कप्प्यात, लातूर १३ मध्ये. नकाशाचा यात काही संबंध नाही. जागा ठरते ती अशी: पहिल्या चिन्हाचा युनिकोड क्रमांक घ्यायचा, त्याला ३१ ने गुणून पुढच्या चिन्हाचा क्रमांक मिळवायचा, असं शेवटपर्यंत. ३२ बिटांत मावेल तेवढंच ठेवायचं; हा झाला हॅश. मग वरचे १६ बिट खालच्यांत एक्सऑरने मिसळायचे आणि शेवटचे ४ बिट पाहायचे. बकेट सुरुवातीला १६ असतात, म्हणून ४ बिट. वही-पेन्सिल घेऊन हे जमतं, आणि जावा शिकणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी करावं असं मला मनापासून वाटतं.

नांदेडजवळ विष्णुपुरीत १९८१ मध्ये श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्था सुरू झाली. तिथे असो वा लातूरच्या कॉलेजांत, परीक्षेला बसणाऱ्याने ‘हॅशमॅप स्थिर वेळात शोधतो’ एवढं लिहिलं की काम भागतं. पण हे वाक्य खरं ठेवायला आत किती खटपट चाललेली असते! ती पाहायला कुठे जावं लागत नाही. हॅशमॅप ज्या कलेक्शन्स लायब्ररीत आहे, तिचा सोर्स कोड जावाच्या जेडीकेबरोबरच झिप फाइलमध्ये येतो.

नांदेड जिल्ह्याचे १६ तालुके आणि लातूरचे १० एकेक करून हॅशमॅपमध्ये भरू. तीन चतुर्थांश भरला की तो दुप्पट होतो. म्हणजे तेराव्या तालुक्याला बकेट ३२ होतात, पंचविसाव्याला ६४. दुप्पट होताना प्रत्येक नोंद एकतर जागेवरच राहते, नाहीतर जुन्या आकाराइतकीच पुढे सरकते. ३२ झाल्या तरी नांदेड १२ वर आणि लातूर १३ वरच. ६४ झाल्यावर ४४ आणि ४५.

एकाच बकेटमध्ये गर्दी झाली तर? पूर्वी तिथल्या नोंदींची नुसती साखळी लांबत जायची, आणि मुद्दाम एकाच बकेटमध्ये पडणाऱ्या नोंदी पाठवून सर्व्हर बंद पाडणं शक्य होतं. २०१४ च्या जावा ८ पासून साखळी आठाच्या पुढे गेली आणि बकेट किमान ६४ असल्या, की तिचं रेड-ब्लॅक ट्री होतं. हॅश नीट पसरत असतील तर आठ लांबीची साखळी दहा कोटी बकेटांत सुमारे सहा वेळाच दिसेल, हा हिशेबही कोडमधल्या टिपेत लिहून ठेवला आहे. अशी टीप लिहिणाऱ्याबद्दल आदर वाटतो.

जोशुआ ब्लॉक यांच्या नेतृत्वाखाली घडलेली ही कलेक्शन्स लायब्ररी डिसेंबर १९९८ मध्ये जेडीके १.२ बरोबर आली. लिस्ट, सेट, मॅप ही वचनं वेगळी आणि ती पाळणारे अ‍ॅरेलिस्ट, ट्रीमॅप वेगळे, ही तिची मांडणी. वचन तेच ठेवून आतलं काम बदलता येतं, ते यामुळेच. क्रम लावण्यासाठी पूर्वीच्या मर्जसॉर्टच्या जागी २०११ मध्ये टिमसॉर्ट आला तेव्हा तेच झालं. टिम पीटर्स यांनी तो २००२ मध्ये पायथनसाठी लिहिला होता. डेटा आधीच थोडाफार लावलेला असतो, हे तो ओळखतो. अकारविल्हे लावलेल्या नांदेडच्या यादीमागे तशीच लातूरची यादी जोडून दिली, तर तो पहिले १६ तालुके क्रमातच आहेत हे एका फेरीत पाहतो आणि उरलेले १० बायनरी सर्चने जागा शोधून बसवतो. नोंदी ३२ पेक्षा कमी असल्याने मर्ज करण्याची वेळच येत नाही.

चुका इथेही निघाल्या. बायनरी सर्चमध्ये मधली जागा काढताना दोन टोकांची बेरीज प्रचंड अ‍ॅरेत इंटच्या मर्यादेबाहेर जाऊन ऋण व्हायची; २००६ मध्ये ब्लॉक यांनी स्वतःच ते जाहीर केलं. टिमसॉर्टचं प्रकरण तर मला सगळ्यांत शिकण्यासारखं वाटतं. २०१५ मध्ये काही संशोधक तो बरोबर आहे हे गणिताने सिद्ध करायला बसले आणि सिद्धता अडली. मर्ज व्हायचे बाकी असलेल्या रन्सची, म्हणजे क्रमात असलेल्या तुकड्यांची, नोंद ठेवणारा स्टॅक काही विशिष्ट डेटाला अपुरा पडत होता. रन्स कधी मर्ज करायचे याची मूळ अट दुरुस्त करावी असं त्यांनी सुचवलं. जावाच्या गटाने तेव्हा स्टॅकच वाढवला. टिमसॉर्टच्या फाइलमध्ये ४० च्या जागी ४९ आला, तो असा.