शाळा आणि रोजगार यांमधील दुवा : शिकाऊ उमेदवारी

शालान्त परीक्षेनंतर शिक्षण थांबलेला मुलगा अनेकदा एखाद्या कारखान्यात वा गॅरेजमध्ये मदतनीस म्हणून लागतो. हाताला काम मिळते. परंतु चार वर्षांनीही कसबाचा पुरावा म्हणून दाखविण्यासारखा कागद त्याच्याजवळ नसतो. ही उणीव भरून काढण्याची तरतूद कायद्यात आहे. मात्र तिची माहिती गावापर्यंत पुरेशी पोहोचलेली नाही.

शिकाऊ उमेदवार अधिनियम 1961 साली संमत झाला. प्रारंभी त्याचा भर कारागिरी व्यवसायांवर होता. 1973 च्या दुरुस्तीने अभियांत्रिकी पदवीधर व पदविकाधारक, तर 1986 च्या दुरुस्तीने व्यवसाय अभ्यासक्रम पूर्ण केलेले विद्यार्थीही त्याच्या कक्षेत आले. 2019 च्या सुधारित नियमांनुसार तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी एकूण कर्मचारी संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे.

मदतनीस आणि शिकाऊ उमेदवार यांतील खरा फरक नोंदणीकृत करारात आहे. करारामुळे प्रशिक्षणाचा व्यवसाय व कालावधी ठरतो आणि विद्यावेतनाचा हक्क मिळतो. काम करताना अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर येते. निर्दिष्ट व्यवसायातील प्रशिक्षणानंतर परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास राष्ट्रीय प्रमाणपत्र प्राप्त होते. उमेदवाराचे वय किमान चौदा वर्षे, तर धोकादायक उद्योगांत अठरा वर्षे असावे लागते. उमेदवार अज्ञान असल्यास करारावर पालकाची स्वाक्षरी आवश्यक असते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शिकाऊ उमेदवारी म्हणजे नोकरीची हमी नव्हे. कायद्याच्या दृष्टीने उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. म्हणूनच प्रशिक्षणाच्या नावाखाली त्याच्याकडून केवळ झाडलोट वा हमाली करून घेतली जात असेल, तर कायद्याचा हेतूच विफल होतो.

या कामी शिक्षक व पंचायत सदस्य यांना मोलाचे साहाय्य करता येईल. निकालाच्या सुमारास इच्छुक मुलामुलींची यादी करावी, त्यांना जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत चौकशीसाठी न्यावे आणि शासनाच्या शिकाऊ उमेदवारी संकेतस्थळावर त्यांची नोंदणी करून द्यावी. कामावर रुजू होणाऱ्या प्रत्येकाच्या पालकांना एक प्रश्न आवर्जून विचारावा : कराराची नोंदणी झाली आहे काय? या एका प्रश्नाने अनेकांची उमेदीची वर्षे वाया जाण्यापासून वाचू शकतील.