आम्ही नारळीकरांचे वाचक

डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात वारले. त्यानंतर आमच्या कारेगावात, रांजणगावच्या कारखान्यांतून पाळी करून येणाऱ्या काही कामगारांनी त्यांच्या विज्ञानकथा पुन्हा वाचायला काढल्या. एवढ्या मोठ्या खगोलशास्त्रज्ञाविषयी यंत्रावर राबणाऱ्या माणसाला जिव्हाळा का वाटावा, असे कोणी विचारील. माझे शिक्षण शाळेबाहेरचे. तेव्हा समजले तसे सांगतो.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घेतली. नारळीकर तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. फ्रेड हॉएल यांच्यासह मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्तामुळे त्यांचे नाव जगभर झाले होते. त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, पण नारायण विनायक जगताप या नावाने. ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलटी केली की ना. वि. ज. होतात! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. पहिले बक्षीस मिळाले. साहेबाची चिठ्ठी असल्यावाचून जिथे बढती मिळत नाही, त्या जगातले आम्ही. नाव झाकून काम तपासायला देणारा माणूस आम्हांला तिथेच आपला वाटला.

आता ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा पाहा. दौंडच्या बाजूने भीमा ओलांडली की सिद्धटेक लागते. अष्टविनायकांत उजव्या सोंडेची मूर्ती तेथलीच. कथेत डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो, आणि उजव्या हाताने गोलंदाजी करणारा खेळाडू एकाएकी डावरा होतो. वाचक चमत्कार म्हणणार, तोच लेखक मोबियसची पट्टी पुढे करतो. कागदाची लांब पट्टी घ्या, एका टोकाला अर्धा पीळ द्या आणि टोके चिकटवा. पट्टीला आता दोन बाजू उरत नाहीत, एकच उरते. (जुन्या कारखान्यांत यंत्राच्या पट्ट्याला कुठेकुठे असाच पीळ देत, म्हणजे दोन्ही अंगे सारखी झिजत.) शाई आरपार उमटेल अशा पातळ पट्टीवर उजव्या हाताचा पंजा काढला आणि मनाने तो सरकवत पूर्ण फेरी मारली, तर मूळ जागी येतो तो डावा पंजा. सपाट पट्टीला पीळ बसतो तिसऱ्या मितीतून. आपल्या तीन मितींच्या अवकाशाला तसाच पीळ चौथ्या मितीतून बसला, तर जिवंत माणसाचे काय होईल? असा पीळ कोणी पाहिलेला नाही. ती कथाकाराची कल्पना. पट्टीचे गणित मात्र खरे. जेवणाच्या सुट्टीत वर्तमानपत्राच्या कपट्यावर आम्ही ते करून पाहिले आहे.

मुले स्वाक्षरीसाठी वही पुढे करीत तेव्हा नारळीकर त्यांना पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवायला सांगत. सही उत्तराखाली मिळे. हीच पद्धत त्यांनी ज्योतिषालाही लावली. २००८ साली पुण्यात त्यांनी सहकाऱ्यांसह चाचणी घेतली. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० पत्रिका जमवल्या. २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले. उत्तरे बरोबर आली शेकडा ४६. नाणे उडवले असते तरी सुमारे निम्मी आलीच असती.

हे मी पुष्कळदा सांगतो, कारण प्रेसवर बोटे गेलेल्या मजुराच्या घरी साडेसातीची चर्चा आधी पोचते, आणि यंत्राची जाळी कोणी व का काढून ठेवली होती हा प्रश्न मागे राहतो. आता आम्ही तो प्रश्न लेखी देतो, तारीख घालून, आणि पोच घेतो.