मुलाच्या वर्गशिक्षिकेचे नाव काय?

मुलाचा ताबा मागणाऱ्या खटल्यात बाप साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला की मी पगाराचा प्रश्न शेवटी विचारते. आधी साधे प्रश्न. मुलाच्या वर्गशिक्षिकेचे नाव काय? त्याला मागचा ताप कधी आला आणि दवाखान्यात कोणी नेले? त्याच्या जोड्याचा नंबर किती? पोळी वरणात चुरून खातो की भाजीशी? नोकरीचा दाखला, घराची रजिस्ट्री, बँकेचे पासबुक असे सगळे फाईलला लावून आलेला माणूस या चार प्रश्नांवर अडतो आणि आपल्या वकिलाच्या तोंडाकडे बघायला लागतो. वकिलाला कुठून माहीत असणार!

सगळेच अडतात असे नाही. एका ऑटोचालकाने मला सगळी उत्तरे दिली, आणि वर हेही सांगितले की, पोरगी पोळीचा मधला भाग खाते, कडा ताटात ठेवते, त्या मी खातो. मी त्याच्या बायकोची वकील होते. त्या दिवशी मी माझ्या पक्षकार बाईला व्हरांड्यात नेले आणि तडजोडीचा सल्ला दिला.

1890 चा पालक व पाल्य कायदा न्यायाधीशाला सांगतो की पालक ठरवताना मुलाचे कल्याण बघ. कल्याण हा फार मोठा शब्द आहे. कोर्टात तो उलगडायला बसले की त्यातून निघते काय? डबा, ताप, वेणी, गृहपाठ, रात्री दोन वाजता मागितलेले पाणी. ज्या गोष्टींना आपण बोलण्याच्या लायकीचे समजत नाही, त्याच तिथे पुरावा ठरतात.

आमचे घर कळमन्यात. मार्केट यार्ड जवळच असल्यामुळे आमचा दिवस घड्याळाआधी सुरू होतो. रात्रीच ट्रक येऊन लागतात, पहाटे लिलावाच्या हाका सुरू होतात. मिरचीचा मोसम असला आणि वारा आमच्याकडे फिरला की सगळी वस्ती ठसकते. मुलांना त्याची इतकी सवय की शिंका देत देत पाढे म्हणतात. आमच्या गल्लीत एक हमाल राहतो. पहाटेपासून पोती वाहून तो अकराच्या सुमारास घरी येतो. त्याची मुलगी दुपारच्या शाळेत आहे आणि बायको घरकामाला गेलेली असते. म्हणून पोरीची वेणी तोच घालतो. मिरचीच्या दिवसांत आधी हाताला गोडेतेल चोळतो, मग साबणाने दोनदा धुतो, मग तळहाताचा वास घेऊन बघतो आणि नंतरच तिच्या केसाला हात लावतो. कारण एकदा मिरचीचे बोट डोळ्याला लागले की पोरगी शाळेत बसू शकत नाही. घट्टे पडलेल्या बोटांत केस अडकतात, ती ओरडते, "बाबा, हळू करा ना!" वेणी थोडी वाकडी होते. हा माणूस कोणत्याही समितीवर नाही, त्याचे नाव कोणत्याही पत्रकावर छापून येत नाही. पण उद्या तो माझ्यासमोर पिंजऱ्यात उभा राहिला तर मला एकही प्रश्न सुचणार नाही.

आता आमच्याच घरातली गोष्ट. मुलगी नववीत आहे, मुलगा चौथीत. उन्हाळ्यात कुलरमध्ये पाणी भरणे आणि माठ भरून ठेवणे हे मुलाचे काम. मुलगी भाजी निवडते, तिचे बाबा कणिक मळतात, पोळ्या मी करते. हे सगळे सरळ चालते असे समजू नका, रोज भांडणे होतात. मार्च महिन्यात चळवळीतील दोन कार्यकर्ते घरी आले. वडीलधारी माणसे, एका कार्यक्रमाच्या आखणीसाठी आली होती. मुलगी आत परीक्षेचा अभ्यास करत होती, मुलगा माठाच्या बाजूलाच बसला होता. पाहुण्यांनी आत हाक दिली, "बाई, पाणी आण वं जरा." पाणी घेऊन आला मुलगा. ते हसले आणि म्हणाले, "तू काऊन आणलं रे? ताई कुठी गेली?" मुलगा म्हणाला, "पाणी माझ्याकडे आहे." त्याच्या डोक्यात फक्त कामाची वाटणी होती. पाहुण्यांनी पाणी घेतले, आणि चर्चा पुन्हा स्त्री-पुरुष समतेवरच्या परिसंवादात वक्ते कोण ठेवायचे या मुद्द्यावर आली.

मला त्या माणसांचा राग आला नाही. त्यांनी आयुष्य चळवळीला दिले आहे. पण नऊ वर्षांच्या पोराने त्या दिवशी काय शिकायचे ते व्यासपीठावरून ठरत नव्हते, पाण्याच्या पेल्यावरून ठरत होते. आपल्याकडे घर ही खाजगी बाब आणि चळवळ ही सार्वजनिक बाब अशी फाळणी झाली आहे. ही फाळणी बाबासाहेबांनी केलेली नाही, आणि याचा पुरावा आपल्या नागपुरातच आहे.

20 जुलै 1942. नागपूरच्या मोहन पार्कमध्ये अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. भर पावसाळ्यात 20 ते 25 हजार स्त्रिया जमल्या होत्या. घटस्फोटाच्या हक्काचा ठराव झाला, बहुपत्नीकत्वाविरुद्ध ठराव झाला, गिरणीत आणि विडी कारखान्यात राबणाऱ्या बायांना रजा मिळावी म्हणून ठराव झाला. त्याच महिन्यात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते हाती घेणारे बाबासाहेब या स्त्रियांपुढे उभे राहिले. आणि बोलले काय? स्वच्छ राहा. व्यसनांपासून दूर राहा. मुलांना शिकवा. आपण मोठे होणार आहोत ही उमेद त्यांच्या मनात घाला आणि न्यूनगंड काढून टाका. पोरांच्या लग्नाची घाई करू नका. बायको होणाऱ्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभे राहावे, गुलाम होऊ नये. देशाच्या राजकारणात गुंतलेला माणूस राजकीय परिषदेच्या मंडपात घरातल्या गोष्टी बोलला. न्यूनगंड हा काही कायद्याने निघत नाही. तो सकाळी डबा भरताना आणि संध्याकाळी मार्क बघताना निघतो किंवा घट्ट होतो, हे त्यांना माहीत होते. हा उपदेश ऐकायला त्या दिवशी बाया होत्या, म्हणून तो बायांसाठीच आहे असे आपल्या पुरुषमंडळींनी धरून चालू नये.

इथे कोणी म्हणेल, ताई, बाबासाहेबांना तरी घरासाठी कुठे वेळ होता? रमाईने नाही का सगळे सोसले? दरवर्षी 7 फेब्रुवारीला, रमाई जयंतीच्या व्यासपीठावरून हे मी ऐकते. रमाईच्या त्यागाने डोळे भरून येतातच. पण भाषण संपवून रात्री अकराला घरी जाणारा कार्यकर्ता त्या त्यागाला आपल्या गैरहजेरीची पावती समजतो, ते मला मान्य नाही. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न अशी चार लेकरे त्या घराने मातीत ठेवली. 1926 मध्ये राजरत्न गेल्यावर बाबासाहेबांनी दत्तोबा पवारांना लिहिलेले पत्र वाचा. कामात बुडून दुःख विसरलेल्या पुढाऱ्याचे ते पत्र नाही. मुलांवाचून जगण्यातली चवच गेली असे सांगणाऱ्या बापाचे आहे. त्यांचे घरापासून दूर राहणे ही त्या काळाने लादलेली किंमत होती आणि ती त्यांना रात्रंदिवस टोचत होती. आज ज्याला संध्याकाळी सातला स्कूटर घेऊन घरी पोहोचता येते आणि जो पानठेल्यावर नऊ वाजवतो, त्याने रमाईचे नाव घेऊ नये.

आकडे बघा. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार, घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटे देतात आणि असे काम करणारे पुरुष 88 मिनिटे. 2019 च्या पाहणीत हेच आकडे 299 आणि 97 होते. म्हणजे पाच वर्षांत बायांची दहा मिनिटे कमी झाली, तर पुरुषांनीही आपली नऊ कमी करून घेतली! ही पाहणी साऱ्या देशाची आहे. आपल्या वस्त्यांत वेगळी निघाली असती असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

कायदाही या बाबतीत उशिरा जागा झाला. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात, जो बौद्धांनाही लागू आहे, अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक बाप आणि त्याच्या 'नंतर' आई असे लिहिले आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावाने रोखे घ्यायला अर्ज केला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने बापाची सही मागितली. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 1999 मध्ये न्यायालयाने सांगितले की 'नंतर' म्हणजे बाप मेल्यानंतर एवढाच अर्थ नाही, बापाच्या गैरहजेरीत असा आहे. आणि मुलाच्या बाबतीत पूर्ण बेफिकीर असलेला बाप त्याच छपराखाली राहत असला तरी तो गैरहजर धरता येईल. निकालातील ही गोष्ट वकिलांना ठाऊक आहे, बापांना नाही. एकाच घरात राहून माणूस गैरहजर असू शकतो, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे.

भगवान बुद्धांनी राहुलला केलेला पहिला मोठा उपदेशही असाच एका घरगुती क्षणी झाला. मज्झिम निकायातील अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्तात तो आहे. राहुलने आसन मांडले, पाय धुवायला पाणी ठेवले. तथागतांनी पाय धुतले, भांड्यात थोडे पाणी उरवले आणि विचारले, हे थोडेसे पाणी दिसते का? जाणूनबुजून खोटे बोलायला ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रमणपण एवढेसेच. मग ते पाणी फेकले, भांडे पालथे केले, पुन्हा सरळ केले, प्रत्येक वेळी तोच धडा. पाय धुतल्यावर जे हाती होते, त्यातूनच शिकवले. सम्राट अशोकाने भाब्रू-बैराटच्या शिलालेखात ज्या सात उपदेशांचे श्रवण-मनन करायला सांगितले, त्यात राहुलला खोटे बोलण्याविषयी केलेला हा उपदेश आहे.

मला या सुत्ताची आठवण न्यायाधीशांच्या चेंबरबाहेर होते. ताब्याच्या प्रकरणात न्यायाधीश मुलाशी एकट्याने बोलतात. बाहेर आल्यावर सात वर्षांचे लेकरू मला सांगते, "बाबांनी आमचा मानसिक छळ केला." सात वर्षांच्या मुलाच्या तोंडी हा शब्द येत नाही, तो बसवलेला असतो. कधी तो आईने बसवलेला असतो, कधी बापाने, आणि कधी आमच्याच व्यवसायातल्या कोणीतरी. पण त्या आधीही तालीम झालेली असतेच. वसुलीवाला दारात आला की 'बाबा घरी नाहीत म्हणून सांग', आणि आजीने विचारले तर 'आपण बाहेर जेवलो हे सांगू नको'. भांडे तेव्हापासूनच पालथे व्हायला लागते. आमच्या घरी दारावर नको असलेला माणूस आला तर मोठ्यांपैकी कोणीतरी उठून जाते. पोरांना पाठवत नाही. कधी कधी हे फार महागात पडते, कारण विमा विकणारे एकदा बसले की उठत नाहीत.

महाराष्ट्र शासनाने 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम आणला. माझी मुले आधीची, पण मुलीने वहीवर स्वतःच तसे लिहायला सुरुवात केली. भावाने विचारले, "मग बाबांचं नाव मागं काऊन?" ती म्हणाली, "मागं नाही, बाजूला." मी मध्ये बोलले नाही. त्यांचे बाबा कणिक मळत होते, तेही बोलले नाहीत, पण त्यांनी मान वर करून पाहिले खरे.

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारची बैठक रात्री आठला होत असे. बाया येत नाहीत अशी तक्रार दर बैठकीत नोंदवली जायची. मागच्या वर्षी आम्ही काही जणींनी वेळ दुपारी चार करायला लावली आणि मुलांना सोबत आणायची मुभा मागितली. मुले गोंधळ घालतात, अहवालवाचन ऐकू येत नाही, अशी कुरकुर झाली. आता मागच्या बाजूला सतरंजी टाकली आहे. तिथे पाळीपाळीने दोघे मोठे बसतात, त्यात एक पुरुष हवाच असे ठरले आहे. गेल्या दोन बैठकांना हमालीवाला बाप तिथे होता. येत्या रविवारी कोण बसणार ती जागा अजून भरायची आहे.